इंदूरला गाडीने जातोय : राजवाडा, सराफा आणि आईचा गुडघा

सासवडचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत सासवडहून इंदूरला गाडी काढतोय. गाडीत चौघं: मी, बायको, अकरा वर्षांची लेक आणि आई. आई अडुसष्टची. उजवा गुडघा कुरकुरतो, पण विचारलं तर "मला काही झालेलं नाही" हे उत्तर ठरलेलं.

इंदूर का, तर आईमुळे. आमचं कुलदैवत खंडोबा, आणि जेजुरी म्हणजे आम्हाला शेजारचं घर. इंदूरला होळकरांच्या वाड्यातही मल्हारी मार्तंड आहे हे तिने कुठेतरी ऐकलं आणि तेव्हापासून "आपला देव तिकडे कसा नांदतो ते बघायचंय" हे चालू आहे. बायकोला महेश्वरी साडी हवी. लेकीला रात्री बारा वाजता सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सोनारांच्या बाजारात, भर रस्त्यात जिलेबी खायचीय, कारण वर्गातली एक मैत्रीण खाऊन आली आणि दिवाळीपासून तेच सांगत सुटलीय. मला गाडी कुठे लावायची एवढं कळलं तरी पुष्कळ.

बेत असा: रविवारी पहाटे निघून रात्री इंदूर. सोमवार पूर्ण राजवाडा आणि सराफ्याला. मंगळवारी महेश्वर, बुधवारी परत.

राजवाडा भागाला एक दिवस पुरतो का? त्या गल्ल्यांत गाडी जाते का? आईला किती चालावं लागेल? आणि सराफ्यातलं खाणं पोटाला झेपतं का, तेही प्रामाणिकपणे सांगा. रील बघून काही कळत नाही, सगळे नुसते डोळे मिटून "उम्म्म" करतात.

शिरपूर_नाका

रस्त्याचं मी सांगतो, दर महिन्याला जाणं असतं. पुण्यापासून इंदूर साधारण ६०० किलोमीटर. चाकणच्या कोंडीत सापडायचं नसेल तर पहाटे साडेचारला गाडी बाहेर काढा, पाच म्हणजे उशीर झाला. मालेगाव, धुळे, शिरपूर, मग सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाट. घाटात बिजासनी मातेचं देऊळ आहे, गाडी बाजूला घेऊन आईंना दर्शन घडवा, पायही मोकळे होतील. पुढे खलघाटला नर्मदा ओलांडली की धामणोद.

आता मुद्द्याचं. महेश्वर धामणोदवरूनच आत आहे. तुम्ही ते मागे टाकून इंदूरला जाणार आणि दोन दिवसांनी परत खाली येणार. त्यापेक्षा पहिला मुक्काम महेश्वरलाच टाका ना. साठ-सत्तर किलोमीटर त्या दिवसाचे वाचतात आणि शेवटचा चढ रात्री चढावा लागत नाही.

येताना गणपती घाटातला जुना उतार फार मोठा होता, २०२४ च्या अखेरीस उतरणाऱ्या गाड्यांसाठी नवा रस्ता झाला. तरी भरलेले ट्रक जपूनच उतरतात. त्यांच्या पुढे जायची घाई नको आणि अगदी मागेही चिकटू नका.

कांदापोहे_कट्टर

सराफा आता फक्त मोबाइलवाल्यांसाठी उरलाय. शनिवारी गेलो होतो, एका हातात बशी, दुसऱ्या हाताने खिसा धरलेला, आणि मागचा माणूस माझ्या खांद्यावरून जिलेबीचा फोटो काढतोय. त्यापेक्षा ५६ दुकान ही दुसरी खाऊगल्ली गाठा. ऐसपैस, बसायला जागा, गाड्यांना मज्जाव. आणि एक तक्रार नोंदवून ठेवतो, पोह्यात बडीशेप घालणाऱ्या माणसांशी माझं जमणार नाही.

रामबागची_लेक

सासवडकर, मी इंदूरच्या रामबागची. लग्न होऊन पुण्यात आले त्याला एकतीस वर्षं झाली, तरी सासरी अजून माझ्या मराठीला हसतात. "येताना भाजी घेऊन घेते" म्हटलं की जाऊबाई मुलांना डोळा मारतात. तर भाषेचं सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी, सोमवार बदला. राजवाडा सोमवारी बंद असतो. शिरपूरवाल्या दादांनी सुचवलंय तसं रविवारी रात्री महेश्वर, सोमवारी सकाळी घाट, किल्ला, साडी, दुपारी निघून संध्याकाळी इंदूर, आणि मंगळवार पूर्ण तिथला. तसं केलंत तर गोष्टही सरळ क्रमाने कळते. कारण राजवाड्यासमोर उभं राहून लोक पोरांना सांगतात की अहिल्याबाई इथून राज्य करायच्या. त्यांचा कारभार महेश्वरातून चालायचा. इंदूर राजधानी झालं ते १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर, त्यांना जाऊन तेवीस वर्षं झाल्यावर. महेश्वरचा त्यांचा साधा वाडा आधी बघा आणि मग इंदूरचा सात मजली. लेकीला न सांगता फरक कळेल.

दुसरं म्हणजे "दिवसा राजवाडा, रात्री सराफा" असे दोन कार्यक्रम करू नका. हा एकच मोहल्ला आहे, वाड्यापासून सराफा पायी पाच मिनिटं. एकाच गल्लीत सकाळी, दुपारी आणि रात्री जा. आमच्या लहानपणी बाबांचा हात धरून सकाळी सराफ्यातून जाताना झारेकरी दिसायचे, सोनारांच्या दुकानापुढची धूळ कुंच्याने गोळा करून नेणारे. त्या धुळीत सोन्याचा कण असतो म्हणे. मला वाटायचं, आपणही चप्पल घरी जाऊन झटकावी. दुपारी त्याच ओट्यांपुढे लग्नाच्या खरेदीची गर्दी, आणि रात्री तिथेच कढया. काल तूप सांडलं त्याच दगडावर आज सोन्याची धूळ.

सकाळी साडेसातला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून सुरुवात करा. कान्ह नदीच्या काठावर आहेत, होळकर घराण्यातल्यांच्या स्मृतीला बांधलेल्या. (आम्ही खान नदी म्हणायचो. नदी म्हणजे तेव्हा नालाच होता.) त्या वेळी कबुतरं आणि फिरायला आलेले म्हातारे, एवढीच गर्दी. मग जवळच कुठल्याही कोपऱ्यावर पोहे-जिलेबी. पोह्यांचं पातेलं उकळत्या पाण्यावर ठेवलेलं असतं, त्यामुळे दहाव्या गिऱ्हाइकालाही ते मऊ मिळतात. वर बारीक शेव, कांदा, आणि जिरावन, म्हणजे तिकडचा तिखट-चटपटा मसाला. कांदापोहे कट्टर भाऊ, बडीशेप आहे म्हणूनच ते इंदूरचे पोहे. नाहीतर कोथरूडलाच बसा.

वाडा दहाला उघडतो. सात मजले: खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. आईंना वर चढवू नका, समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे तिथे बसून पूर्ण दर्शनी भाग दिसतो. लेकीला मजले मोजायला लावा. लाकूड एवढं असल्यामुळे आग या वाड्याच्या पाचवीलाच पुजली होती. १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटून जाळलं, १८३४ च्या आगीत एक मजला गेला, आणि १९८४ च्या दंगलीत मागची बाजू. हे तिसरं मी पाहिलंय. नववीत होते. आमच्या गच्चीवरून काळा धूर दिसत होता आणि आजी कठड्याला धरून उभी होती, एक शब्द न बोलता. तिचे वडील होळकरांच्या पागेत नोकरीला होते. मागचा भाग नंतर जुन्या नकाशाबरहुकूम पुन्हा उभा केला, चांगला केला, पण आजी परत कधी आत गेली नाही. पुढचा दरवाजा मात्र जुना आहे, लोखंडी खिळ्यांचा. तिथे जरा थांबा.

मल्हारी मार्तंडाचं देऊळ आतच आहे, खालच्या मजल्यावर, आईंना त्रास नाही. मल्हारराव मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे, म्हणून होळकर. म्हणजे देव आणि माणूस दोन्ही तुमच्याच बाजूचे, सासवडकर. आईंना सांगा, परक्या ठिकाणी आलो असं वाटून घेऊ नका.

बाहेर पडलं की शेजारी गोपाळ मंदिर, कृष्णाबाई होळकरांनी १८३२ मध्ये बांधलेलं. आतले लाकडी खांब बघा. मग रिक्षाने इतवारिया बाजारात काच मंदिर. शेठ हुकुमचंदांनी बांधलेलं जैन मंदिर, भिंती, खांब, छत सगळं काचेचं. तुमची लेक तिथून लवकर निघणार नाही, तेवढी सवड ठेवा. बाकी खजुरी बाजारात पुस्तकं, मारोठियात मसाले आणि पूजेचं सामान, सीतलामाता बाजारात साड्या, हे चालता चालता होतं. होळकरांचा लालबाग महाल वगैरे दुसऱ्या खेपेला. एका दिवसात सगळं कोंबणारी माणसं संध्याकाळी एकमेकांवर ओरडतात.

दुपारी हॉटेलवर जाऊन झोपा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. झोपला नाहीत तर सराफा जमणार नाही.

रात्री जेवायच्या वेळी नका येऊ, साडेआठला या, दुकानं मिटताना. खरा सराफा त्या अर्ध्या तासात आहे. पेढीवाला गादीवरची पांढरी चादर झटकतो, तराजू आत जातो, शटर खाली येतं, आणि त्याच ओट्यापुढे कोणीतरी शेगडी आणून ठेवतं. ना भांडण, ना आरडाओरडा. कोणाची जागा कुठली ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. रात्रभर वर्दळ राहिली की चोराची भीती नाही, म्हणून सराफांनीच यांना बसू दिलं असं आमच्याकडे सांगतात. शनिवार-रविवारी गर्दीत यातलं काही दिसत नाही, तिथे कट्टर भाऊंचं खरं आहे. मंगळवारी दिसेल.

खाण्याचं: चौघांत एकच बशी घ्यायची आणि पुढे सरकायचं. पहिल्याच ठिकाणी पोट भरलं तो फसला. भुट्ट्याचा कीस आधी, कारण तो हलका. कोवळा मका किसून तुपाच्या फोडणीवर दुधात शिजवलेला, वर ओलं खोबरं. मग गराडू. हा फक्त थंडीत मिळतो, तुमचं नशीब. कोनफळाच्या जातीतला पांढरा कंद, एकदा अर्धवट तळून ठेवतात, मागितला की फोडी परत तुपात किंवा तेलात सोडतात आणि वर मसाला-लिंबू. बाहेरून कुरकुरीत, आत पिठूळ. जोशींचा दहीबडा चवीइतकाच बघायचा असतो, द्रोण हवेत उडवतात आणि एकाच चिमटीतले वेगवेगळे मसाले एकेक करून सोडतात. साबुदाणा खिचडी मागवाल तर आधी मनाची तयारी करा, शेंगदाण्याचं कूट शोधत बसू नका. वाफवलेल्या साबुदाण्यात मसाला, लिंबू आणि वर फराळी चिवडा. शिकंजी हे लिंबू सरबत समजून मागवलंत तर आटीव दुधाचा घट्ट ग्लास येईल. मी कितीतरी पुणेकरांचे चेहरे बघितलेत त्या क्षणी.

सासवडचा_पाहुणा

ताई, तुम्ही तर घरी जेवायला बोलावल्यासारखं लिहिलंत. बेत फिरवला, आधी महेश्वर. दोनच शंका. गाडी? आणि आई तिखट अजिबात खात नाही.

रामबागची_लेक

गाडी हॉटेलच्या अंगणात, आणि किल्ली तुमच्या बायकोकडे. राजवाड्याकडे जायचं ते रिक्षाने. मोबाइलचा नकाशा तुम्हाला बर्तन बाजारातून घुसवेल आणि तिथे हंडे-पातेली रस्त्यापर्यंत आलेली असतात. हॉटेलही अगदी गल्लीत घेऊ नका. आमचे मामा सोडले तर त्या भागात चारचाकी मागे घेणारा माणूस मी पाहिलेला नाही.

तिखटाचं: "जिरावन अलग से देना भिया" एवढं म्हणायचं. भिया म्हणजे भैया, त्याशिवाय इंदुरात पानही हलत नाही. कीस, खोबऱ्याची पॅटीस, रबडी, मुगाचा हलवा, यात आईंना काही अडचण नाही. खोबऱ्याची पॅटीस म्हणजे बटाट्याच्या आवरणात गोडसर खोबरं आणि सुकामेवा, आपल्या मंडळींना आवडतेच. मफलर विसरू नका. डिसेंबरात रात्री अकरानंतर कान गार पडतात. आणि पुढे कधी रंगपंचमीला यावंसं वाटलं तर त्या दिवशी गेर असते, अख्खी मिरवणूक राजवाड्यावर येते आणि टँकरने रंग उडवतात. गाडीच काय, पांढरा केसही पांढरा राहत नाही.

सासवडचा_पाहुणा

परत आलो. उत्तरं देणाऱ्यांना हिशोब द्यायला हवा, म्हणून लिहितोय.

महेश्वर आधी केलं हे फार बरं झालं. आई अहिल्याबाईंच्या वाड्याच्या ओसरीवर टेकून बराच वेळ नुसती बसली होती. "एवढ्याशा ओसरीवरून चालवलं सगळं," एवढंच म्हणाली. साडी घेतली, आकडा विचारू नका.

सोमवारी संध्याकाळी इंदुरात शिरलो आणि ताई, जे करू नका म्हणालात तेच केलं. हॉटेल दोन किलोमीटरवर होतं आणि नकाशा म्हणाला डावीकडे. डावीकडे वळलो. पुढे पितळी हंड्यांची उतरंड, मागे रिक्षांची रांग, आणि माझा डावा आरसा एका परातींच्या ढिगाला घासून आत दुमडला. परात वाजली ती अजून कानात आहे. दुकानदार बाहेर आला, मला वाटलं आता भरपाई. त्याने परात उचलली, उलटसुलट केली, पुसली, ठेवून दिली. मग रस्त्यात उभा राहून दोन्ही हात हलवत "आने दो भिया, आने दो, बस, काटो, काटो" करत अख्खी गाडी मागे काढून दिली. पैसे देऊ केले तर म्हणाला, परात ले लो. घेतली. आज त्यात चपात्यांचं पीठ मळलंय.

राजवाड्यात लेकीने मजले मोजले, सहा भरले. परत मोजले, सात. आईने सासवडहूनच रुमालाच्या गाठीत जेजुरीचा भंडारा आणला होता, आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. देवळातल्या गुरुजींना तिने मराठीतच सांगितलं आणि त्यांनी मराठीतच विचारलं, "नव्या गडावरचा की कडेपठारचा?" आई अशी खुलली की गुडघा-बिडघा सगळं विसरली. त्यांनी भंडारा देवाला वाहिला, चिमूटभर परत रुमालात बांधून दिला. आता तो "इंदूरला जाऊन आलेला भंडारा" म्हणून देव्हाऱ्यात वेगळ्या डबीत आहे.

काच मंदिरातून लेकीला बाहेर काढायला पाऊण तास लागला. दुपारी झोपलो मी आणि आई. बाकी दोघी खजुरी बाजारात पुस्तकांत फिरत राहिल्या, आणि त्याचा परिणाम पुढे येतोच.

साडेआठला सराफ्यात पोचलो. शटर पडताना बघितलं. एका पेढीवरचे आजोबा कुलूप लावता लावता थांबले, आईकडे बघितलं, आतून स्टूल आणून आपल्या ओट्याला लावलं आणि कुलूप लावून निघून गेले. "रात को यहीं छोड़ देना." एवढंच. आई त्या स्टुलावर बसून राहिली आणि आम्ही तिला एकेक बशी आणून देत होतो. कीस आवडला. गराडूला म्हणाली, "हा आपल्या संक्रांतीच्या भाजीतला कंद, इथे बघ कसा मान मिळालाय." शिकंजीच्या बाबतीत मी ताईंचं वाचून गेलो होतो तरी पहिल्या घोटाला माझा चेहरा झालाच.

पोटाचं प्रामाणिक उत्तर: आई ठणठणीत, मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताकावर.

आणि जिलेबी. साडेदहाला लेक आजीच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपली. दुपारची झोप टाळल्याचं फळ. हलवली, गालावर गार पाणी लावलं, काही उपयोग नाही. शेवटी ताटलीएवढा एक जलेबा कागदात बांधून घेतला, तिला खांद्यावर टाकली, स्टूल जागेवर ठेवलं आणि रिक्षा केली. सकाळी सव्वासातला हॉटेलच्या खोलीत, दात न घासता, तिने तो गार जलेबा खाल्ला. शाळा सोमवारी उघडतेय. तोपर्यंत आम्हा तिघांना ताकीद आहे, कोणी विचारलं तर रात्री बाराच वाजले होते.

रामबागची_लेक

बाराच वाजले होते. मी साक्षीला आहे. जिरावनचं पाकीट आणलंत की नाही ते सांगा.